गहाणाचा उलटा प्रवास : सुप्यापासून भिवंडीपर्यंत

१/ हाताशी पुरेसा पैसा नसताना पहिले घर कसे घ्यावे, हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो ‘गहाण’ या एका शब्दाभोवती फिरतो. एके काळी घरदार घालवणारा हा शब्द विसाव्या शतकात घर मिळवून देणारा ठरला. भिवंडीत मात्र त्याला तिसरेच वळण लागले. त्याविषयी हा थ्रेड.

२/ आधी दोन संज्ञा. नजरगहाणात मालमत्ता ऋणकोच्याच ताब्यात राहते. सावकाराचा तिच्यावर केवळ हक्क असतो. ताबेगहाणात मालमत्तेचा ताबा सावकाराकडे जातो आणि व्याजाऐवजी तो तिचे उत्पन्न किंवा उपभोग घेतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये हे दोन्ही प्रकार येतात. दुसरा प्रकार लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडेल.

३/ एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या कुणब्यासाठी गहाणखत ही जमीन जाण्याची पहिली पायरी होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली, वह्या आणि कर्जखते जाळली. रोख कागदावर होता, कारण कागदच जमीन नेत होता. परिणामी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि न्यायालयांना कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला.

४/ मुंबईत नोकरदारांपुढचा प्रश्न निराळा होता : गहाण ठेवण्यासारखे काही नव्हतेच. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर एक वाट दिसली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. ती देशातील आद्य सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक. एकट्याची पत पुरत नाही, तेथे अनेकांची एकत्र उभी करावी, हे तिचे तत्त्व.

५/ ज्यांना हे साधले नाही, त्यांच्यासाठी पागडी होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी बहुतांशी १९४० च्या पातळीवर गोठवली. घरमालकांनी मग भाड्यातून न मिळणारे पैसे ताबा देतानाच एकरकमी घेण्यास प्रारंभ केला. कायद्याला अमान्य असलेली ही रीत अर्धशतक चालली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. पागडी देणारा मालक होत नसे, पण त्याला हुसकावणेही सोपे नसे.

६/ खरे स्थित्यंतर १९७७ चे. हसमुखभाई पारेख यांनी त्या वर्षी मुंबईत एचडीएफसी स्थापन केली. मध्यमवर्गीयाने निवृत्तीच्या पुंजीतून घर बांधण्याऐवजी तरुणपणीच पगाराच्या बळावर ते घ्यावे, ही कल्पना. जे घर अजून आपले नाही, तेच गहाण ठेवून विकत घ्यायचे! सुप्याच्या कुणब्याला हे ऐकून चक्रावल्यासारखेच झाले असते.

७/ तरीही संपूर्ण रक्कम कर्जाऊ मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज देता येते. २५ लाखांच्या घरासाठी किमान अडीच लाख पदरचे हवेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा. २०१५ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना व्याजाचा भार हलका करते. पण त्या सवलतीसाठी आधी कर्ज मंजूर व्हावे लागते.

८/ आता भिवंडी. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर इथल्या यंत्रमागांकडे वळले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून कारागीर आले. माग वाढले, पुढे गोदामे वाढली. नियोजनबद्ध घरे त्या वेगाने वाढली नाहीत. परवानगीविना अनेक इमारती उभ्या राहिल्या.

९/ येथेच गहाणाचे गाडे अडते. बँक माणसाचा पगार पाहते तसा इमारतीचा कागदही पाहते. मंजूर नकाशा नाही, जमिनीचा हक्क स्पष्ट नाही, खरेदीचा करार केवळ नोटरीकडचा, तर तारण काय घ्यायचे? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदणीकृत दस्तानेच पक्की होते. नव्वद टक्क्यांची सोय अशा खोलीच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

१०/ उरतो ‘हेवी डिपॉझिट’चा पर्याय. काही लाख रुपये मालकाला द्यायचे, भाडे नाममात्र किंवा शून्य, खोली सोडताना रक्कम परत. नीट पाहा : हे ताबेगहाणच आहे. पैसे देणारा धनको, मालक ऋणको आणि व्याजाच्या बदल्यात निवारा. ज्याला बँक कर्ज देत नाही, तो यंत्रमाग कामगार येथे घरमालकाला बिनव्याजी कर्ज देत असतो!

११/ फरक एवढाच की सावकाराला कायद्याचे कवच होते, याला नाही. कलम ५९ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे ताबेगहाण नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित दस्ताविना होत नाही. अशा दस्ताविना मालकाने पैसे बुडवले, तर त्या खोलीवर गहाणाचा हक्क सांगता येत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळून सुमारे चाळीस जणांचा बळी गेला. अशा शहरात इमारतीचा कागद हा जिवाचाही प्रश्न आहे.

१२/ म्हणून ‘कमी पैशांत घर’ या प्रश्नाचे उत्तर केवळ व्याजदरात शोधणे अपुरे आहे. १८७५ मध्ये गरिबाचा घात कागदाने केला; आज भिवंडीत तो कागदाच्या अभावाने होतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी पहिल्या घराची किंवा डिपॉझिटची बोलणी चालू असतील, तर टोकन देण्यापूर्वी मंजूर नकाशा आणि नोंदणीकृत दस्त मागा. नवा प्रकल्प असेल तर महारेरा क्रमांक तपासा.