धुळाक्षरांपासून मद्रास पद्धतीपर्यंत

‘धुळाक्षरे’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पूर्वी मुले धुळीवर बोटाने अक्षरे व अंक गिरवत. चुकले की पुसून स्वतःच पुन्हा लिहीत. मद्रासच्या लष्करी अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी तेथील एका देशी शाळेत वाळूवरचा असाच सराव पाहिला. १७८९ मध्ये सुरू झालेल्या आपल्या अनाथालयात त्यांनी तो आणला आणि मुलांना शिकवण्याचे काम मुलांकडेच सोपवले. १७९७ मध्ये त्यांचा अहवाल लंडनमध्ये छापला गेला. इंग्लंडमध्ये मात्र या पद्धतीचे मोल ठरले ते स्वस्ताईवरून: एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले. चूक स्वतः दुरुस्त करण्याची सवय मागे पडली, हुकूम पाळण्याची पुढे आली. म्हणून कोणतीही शिक्षणपद्धती अभ्यासताना विचारा: सराव कोणाच्या हाती होता?