व्हर्च्युअल मशीन, घरगुती

संगणकावरची ऑपरेटिंग सिस्टीम जागेवर ठेवून तिच्याच एका खिडकीत दुसरी सिस्टीम चालवण्याची सोय. ही सोय पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. मूळची सिस्टीम ती होस्ट आणि आत चालणारी ती गेस्ट. आपल्याला स्वतंत्र प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि नेटवर्क कार्ड मिळाले आहे असे गेस्टला वाटते. प्रत्यक्षात तिची अख्खी डिस्क म्हणजे होस्टवरची एक मोठी फाइल असते. ती कॉपी केली की गेस्ट दुसऱ्या संगणकावर जाते, पुसली की नाहीशी होते, आणि होस्टला त्याची झळ लागत नाही. एकाच डिस्कचे भाग पाडून ड्युअल बूट करण्यापेक्षा नवशिक्याला हा मार्ग बरा वाटतो तो यामुळेच.

कल्पना घरगुती संगणकाहून जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथल्या आयबीएमच्या केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० आणि सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या. १९७२ मध्ये त्यांतूनच व्हीएम/३७० बाजारात आली. अशी आभासी यंत्रे चालवणे एखाद्या यंत्राला केव्हा जमते, याच्या अटी जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडल्या. घराघरांत पोहोचलेला इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर नेमका त्या अटींत बसत नव्हता. त्याच्या काही आज्ञा पुरेसे अधिकार नसताना दिल्या तर प्रोसेसर अडवत नसे, गुपचूप वेगळेच उत्तर देत असे. त्यामुळे मध्ये पडायची वेळ आली आहे हे हायपरव्हायजरला कळतच नसे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालू असतानाच बदलून देण्याची युक्ती काढली आणि १९९९ मध्ये वर्कस्टेशन हे उत्पादन आणले. पुढे प्रोसेसरमध्येच तशी सोय आली : इंटेलची व्हीटी-एक्स २००५ मध्ये, एएमडीची एएमडी-व्ही २००६ मध्ये. आजच्या बहुतेक संगणकांत ती असते, पण अनेकदा बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ‘नवीन मशीन करताना ६४-बिटचा पर्यायच दिसत नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा तेच. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात ती चालू आहे की नाही ते दिसते.

निवड करताना लोक सॉफ्टवेअरच्या गुणदोषांपासून सुरुवात करतात. खरे तर घरात कोणता प्रोसेसर आहे आणि होस्ट कोणती आहे, एवढ्यावरच निम्मा निर्णय झालेला असतो. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ पासूनचे मॅक एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालतात. तिथे वेगाने चालते ती गेस्टही एआरएमसाठीच बनवलेली हवी. नेहमीचे एक्स८६ विंडोज तिथे चालवायचे तर प्रत्येक आज्ञेचे रूपांतर करावे लागते. फाब्रिस बेलार याने सुरू केलेले क्यूईएमयू आणि त्यावर उभे असलेले यूटीएम हे काम करतात, पण वेगाची आशा सोडावी. विंडोजची एआरएम आवृत्ती रोज वापरायची असेल तर पॅरलल्स डेस्कटॉप सोयीचे आहे, त्याचे पैसे मात्र मोजावे लागतात.

लिनक्स होस्ट असेल तर बाहेर शोधायची फारशी गरज नाही. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. व्हर्ट-मॅनेजर किंवा त्याहून सोपे नोम बॉक्सेस घेतले की काम भागते.

गोंधळ होतो तो विंडोजवर. हायपर-व्ही विंडोजसोबतच येते, पण प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत. घरच्या लॅपटॉपवर बहुधा असणाऱ्या होम आवृत्तीत ती अधिकृतपणे मिळत नाही. व्हर्च्युअलबॉक्स हे मूळचे इनोटेक या जर्मन कंपनीचे. ते २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. मूळ पॅकेज मुक्त परवान्याखाली आहे. त्यावर बसवायचा एक्स्टेंशन पॅक मात्र वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरताच फुकट आहे, आणि ऑफिसात सवयीने तो टाकणारे पुष्कळ असतात. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो अनेक वर्षे विकत घ्यावे लागे. ब्रॉडकॉमने कंपनी घेतल्यावर २०२४ च्या मे महिन्यात ते वैयक्तिक वापरासाठी आणि नोव्हेंबरमध्ये सर्वांसाठी मोफत झाले. ग्राफिक्सच्या बाबतीत ते व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा सरस आहे.

विंडोज १० आणि ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा-सोय किंवा विंडोजमध्येच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल २ चालू असेल, तर विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर आधीच प्रोसेसरची व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही ही सोय अडवून बसतो. व्हर्च्युअलबॉक्सला मग त्याच्यामार्फत काम करावे लागते. गेस्ट रेंगाळते आणि खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसते. निर्मात्यांनी चिन्ह अगदी प्रामाणिक निवडले आहे! सुरक्षा-सोय बंद करून वेग मिळवण्यापेक्षा, संगणकावर विंडोज प्रो असेल तर सरळ हायपर-व्ही वापरणे शहाणपणाचे. केवळ लिनक्सची कमांड लाइन शिकायची असेल तर डब्ल्यूएसएल २ पुरते, आणि ते होम आवृत्तीवरही चालते.

मराठी मुद्रणव्यवसायात या सोयीचा एक खास उपयोग आहे. युनिकोड रुळण्याआधीची असंख्य पुस्तके श्री-लिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम ही टंकनाची सॉफ्टवेअरे वापरून पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली आहेत. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची. इनडिझाइननेही सीएस६ नंतर त्या फाइली उघडणे बंद केले. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते आणि त्यावर १६-बिटचे जुने इन्स्टॉलर चालत नाहीत. अशा वेळी विंडोज एक्सपीची गेस्ट करून, तिचे नेटवर्क तोडून (एक्सपीला एप्रिल २०१४ पासून सुरक्षा-आधार नाही) फाइली उघडता येतात आणि पीडीएफ काढता येते. सॉफ्टवेअरला डोंगल (परवाना तपासण्यासाठी जोडायचे छोटे उपकरण) लागत असेल तर यूएसबी उपकरण थेट गेस्टच्या हवाली करणारे सॉफ्टवेअर निवडावे. व्हर्च्युअलबॉक्स आणि वर्कस्टेशन ते करतात, हायपर-व्हीमध्ये तशी सरळ सोय नाही. या कामासाठी हायपर-व्ही बाद होते ते एवढ्यावरच. प्रिंटर पोर्टला लावायचे जुने डोंगल असेल तर प्रश्न वेगळाच, कारण आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसते.

रॅमचा हिशोब आधी करावा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप; आभासी टीपीएम व्हर्च्युअलबॉक्समध्ये ७.० या आवृत्तीपासून मिळते. एकूण ८ जीबीच्या लॅपटॉपवर त्यातली निम्मी रॅम गेस्टला दिली की होस्ट गुदमरते. हलक्या लिनक्सला २ जीबीही चालतात. खेळ किंवा त्रिमिती आरेखन हाच उद्देश असेल, तर व्हर्च्युअल मशीनच्या वाटेला न जाता ड्युअल बूट करावे. परवानाही पाहावा : विंडोजच्या गेस्टला वेगळा परवाना लागतो, आणि ॲपलचा करार मॅकओएस फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवू देतो.

गेस्टची त्या क्षणाची स्थिती जपणारा स्नॅपशॉट ही प्रयोग करणाऱ्याला मोठी सोय आहे, पण तो बॅकअप समजू नये. स्नॅपशॉटच्या फाइली सहसा गेस्टची फाइल असते त्याच डिस्कवर असतात आणि ती डिस्क गेली की दोन्ही जातात. महत्त्वाच्या गेस्टची पूर्ण प्रत, मशीन बंद असताना, बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवावी.