सुरुंग: सौसरच्या कातळातून समुद्रात

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या मँगनीज-पट्ट्यात कातळाला भोक पाडून त्यात दारू ठासली की 'सुरुंग लावला' म्हणतात. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला; इथल्या सीतापार गावावरून त्यांनी एका खनिजाला 'सीतापाराइट' असं नाव दिलं होतं. पांढुर्णा-सौसरच्या माणसाला सुरुंग कळतो तो असा, दगडातला. मग युद्धनौकांच्या बातम्यांत 'सुरुंगशोधक नौका' आली की आक्षेप निघतो: समुद्रात ना कातळ, ना भोक, इंग्रजी 'माइन'वरून कुणीतरी हा शब्द ओढून आणलेला दिसतो. मला हा आक्षेप मान्य नाही. आंधळं भाषांतर असतं, तर 'माइन'साठी 'खाण' हा शब्द आधी हाताशी आला असता. इंग्रजीत खाण आणि सुरुंग दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीने ते वेगळे ठेवले आणि त्यांतला नेमका उचलला.

तो नेमका का, हे त्याच्या कुळावरून कळतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' म्हणजे भुयार. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात चंद्रगुप्ताच्या शयनगृहाच्या भिंतीतल्या भुयारात मारेकरी दडून बसतात. फटीतून अन्नाचे कण घेऊन निघालेल्या मुंग्या चाणक्याला दिसतात आणि डाव उघडा पडतो. इथवर सुरुंगात दारूचा मागमूस नाही. बरेच अभ्यासक हा शब्द ग्रीक 'सिरिंक्स', म्हणजे नळी, यावरून आला असं मानतात. काहींना ते पटत नाही. मूळ परकं निघालं तरी माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही, कारण अर्थ पालटला तो इथल्या किल्ल्यांखाली. तटाखाली भुयार खणायचं, त्यात दारू भरायची, बत्ती द्यायची. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्याच्या किल्ल्याला असेच सुरुंग लावले. त्यांतल्या एका स्फोटात तट बाहेरच्या अंगाला ढासळला आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले मोगल सैनिकच गाडले गेले. 'सुरुंग उडाला' म्हणताना उडते ती दारू, भुयार नव्हे. म्हणजे दडवलेला, वाट पाहणारा स्फोट हा अर्थ समुद्रावर जाण्याआधीच पक्का झाला होता. इंग्रजीत तर एकोणिसाव्या शतकात पाण्यातल्या सुरुंगालाही 'टॉर्पेडो'च म्हणत.

शब्दाची खरी परीक्षा झाली दुसऱ्या महायुद्धात. रॉयल इंडियन नेव्हीच्या सुरुंगशोधक नौकांत एकीचं नाव 'कोकण' होतं. ब्रिटनमध्ये 'टिलबरी' म्हणून बांधायला घेतलेली ही नौका १९४२ साली पाण्यात उतरली आणि १९४७ नंतर भारताकडेच राहिली. अशा नौकेचं मुख्य हत्यार म्हणजे मागे ओढायची दातेरी तार. तळाशी नांगरलेल्या सुरुंगाचा दोर त्या तारेत सापडून कापला जातो, सुरुंग वर तरंगतो आणि मग त्याला गोळी घालून फोडतात. जर्मनांचा चुंबकीय सुरुंग मात्र थेट तळावर पडून राहायचा आणि पोलादी जहाज वरून गेलं की त्याच्या चुंबकत्वाने जागा व्हायचा. २३ नोव्हेंबर १९३९ रोजी इंग्लंडमधल्या शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग निकामी केला गेला आणि मग तो उघडून पाहिल्यावर त्याचं मर्म कळलं. पोलाद घडवायला मँगनीज लागतं आणि सौसर ज्यात मोडे त्या मध्य प्रांताचं मँगनीज ब्रिटनला जात असे. तेव्हा समुद्र सौसरला वाटतो तितका दूर नव्हता.

कुणी म्हणेल, या नौकांनी सुरुंग काढले कमी आणि जहाजांची राखणच जास्त केली. 'बेंगॉल' या त्यांच्याच जातीच्या नौकेने ११ नोव्हेंबर १९४२ रोजी 'ओंडिना' हे डच तेलवाहू जहाज सोबत असताना दोन भल्या मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांशी झुंज दिली, आणि त्यांतलं 'होकोकु मारू' बुडालं. हे खरंच आहे. पण अशा नौकेला 'सुरुंगशोधक' हे नाव मिळालं ते तिच्या मागच्या तारेवरून. माझी तक्रार असलीच तर ती जोडशब्दाच्या उत्तरार्धाबद्दल आहे. ती तार सुरुंग शोधत नव्हती. आखून दिलेल्या पट्ट्यात सुरुंग असो वा नसो, शेतात वखर फिरवावा तशी ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढली जाई.