कुणब्याची तवानगी : प्रभावळीच्या सुभेदारास गेलेलें एक आज्ञापत्र

मराठी राज्यांत मोडलेल्या कुळास सरकारांतून साह्य देण्याची जी वहिवाट होती, तिचा विचार करतांना एक अस्सल पत्र प्रथम पुढें येतें. शके १५९८, म्हणजे इ. स. १६७६ च्या सप्टेंबरच्या ५ तारखेस शिवछत्रपतींनीं प्रभावळी मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेलें तें आज्ञापत्र होय. महाराजांच्या प्रजावात्सल्याचा दाखला म्हणून तें नेहमीं पुढें केलें जातें, आणि तें यथार्थच आहे. परंतु केवळ दयाबुद्धीचा दाखला म्हणून वाचल्यास त्यांतील व्यवहाराचा भाग नजरेआड होतो. प्रस्तुत लेखांत त्या भागाचाच विचार कर्तव्य आहे.

पत्राचा सारा भार दोन शब्दांवर आहे : तवाना म्हणजे सशक्त, आणि कीर्द म्हणजे लागवड. सुभेदारानें गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे व प्रत्येकाची कुवत पाहावी, असा हुकूम आहे. त्यावरून कुळांचे तीन वर्ग पडतात. ज्यापाशीं माणूसबळ, बैल व दाणा आहे, तो आपली कीर्द आपण करील. त्यास कांहीं देण्याचें कारण नाहीं. ज्याच्या अंगीं कष्टाची कुवत आहे, पण जोतास बैल व पोटास दाणा नसल्यामुळें जो अडून बसला आहे, त्यास दोन-चार बैलांचे पैसे रोख द्यावे व खावयास खंडी-दोन खंडी धान्य द्यावें. हा ऐवज पुढें वाढीदिढी न करितां, निव्वळ मुद्दल, त्याच्या शक्तीप्रमाणें हळूहळू उगवून घ्यावा. दिढी म्हणजे उसन्या दाण्याचे दीडपट दाणे परत घेण्याची रीत. तिला येथें स्पष्ट मनाई आहे. तिसरा वर्ग मागील बाकीखालीं दबलेल्यांचा. उमेद आहे पण फेडण्याची ताकद नाहीं, अशा कुळाची बाकी सोडून मागाहून हुजूर समजवावें, म्हणजे माफीची सनद मिळेल.

या कलमास दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी तो मंजूर आहे. लारी हें कोंकणपट्टीवर चालणारें, वांकविलेल्या तारेसारखें रुप्याचें नाणें. मात्र खर्चाच्या मंजुरीबरोबरच पडजमीन लागवडीस आणून वसूल वाढवावा, ही अपेक्षाही लिहिलेली आहे. म्हणजे हा दानधर्म नव्हे. कुणबी उभा राहिला तर राजभाग वाढेल, हा हिशेब त्यांत उघड आहे. आणि तो हिशेब आहे म्हणूनच हें साह्य एखाद्या प्रसंगाच्या कृपेवर न राहतां कारभाराचें कलम झालें.

सभासदानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजीस लिहिलेल्या बखरींत याच रीतीचा उल्लेख आहे. परंतु दोहोंत एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. सभासद गुरेंढोरें, बीज व दाणा देण्याची गोष्ट सांगतो ती नव्या येणाऱ्या रयतेविषयीं, व फेडीची मुदत दोन-चार वर्षांची देतो. पत्र बोलतें तें गांवींच असलेल्या व मोडलेल्या कुणब्याविषयीं, आणि मुदत न ठरवितां त्याची तवानगी हेंच माप धरतें. नवी वसाहत व जुन्या कुळाचें रक्षण हीं या धोरणाचीं दोन अंगें होत.

पुढें इंग्रजी अमलांत जमीनसुधारणेच्या कर्जांचा १८८३ चा व शेतकऱ्यांच्या कर्जांचा १८८४ चा, असे दोन कायदे होऊन तगाईस कायद्याचें रूप आलें. पण ती तगाई सव्याज होती. १६७६ च्या पत्रांतील निव्वळ मुद्दलाचें कलम तींत उतरलें नाहीं.

तथापि पत्र हा हुकूम आहे. हुकुमावरून हेतु सिद्ध होतो, अंमल सिद्ध होत नाहीं. कोणत्या कुळास कोणत्या सालीं किती बैल मिळाले, किती दाणा मिळाला, व उगवणी कितपत झाली, हें सांगणार ते गांवचे जमाखर्च, तगाईच्या यादी आणि बाकीचे झाडे. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें गेल्यावर घरोघरच्या अशा दप्तरांचें नित्याचें प्रयोजन संपलें. शिक्क्याची सनद जपली जाते. बिनशिक्क्याचा फाटका खर्डा रद्दींत जातो. संग्राहकांस विनंती इतकीच कीं, रुमाल सोडतांना असा खर्डा बाजूस टाकूं नये, व तो कोणत्या गांवच्या रुमालांत मिळाला याची नोंद त्याबरोबर ठेवावी. महाराजांचा हेतु पत्रानें राखला. तो कुणब्याच्या दारापर्यंत पोंचला कीं नाहीं, याची साक्ष त्या खर्ड्यांतच आहे.