चार मिनिटांचं अंतराळ

१९६८ च्या डिसेंबरमध्ये अपोलो ८ चंद्राला प्रदक्षिणा घालून आलं आणि पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीकडे लोक चंद्राच्या तिकिटाची चौकशी करायला लागले. कंपनीनेही मागे न हटता चक्क वेटिंग लिस्ट उघडली. पैसे काही नाहीत, फक्त नाव द्यायचं. 'फर्स्ट मून फ्लाइट्स क्लब' असं नाव आणि तुमचा नंबर छापलेलं कार्ड घरी यायचं. १९७१ मध्ये ही यादी बंद झाली तेव्हा त्यात ९३ हजारांहून जास्त नावं होती. पुढे १९९१ मध्ये पॅन ॲमच बंद पडली. आपल्याकडे कोकण रेल्वेचं गणपतीतलं वेटिंगसुद्धा यापेक्षा लवकर कन्फर्म होतं!

हे आठवायचं कारण म्हणजे श्रीमंतांच्या अंतराळ सहलींचा इतिहास. "अजून दोन-तीन वर्षांत सुरू, पाच-सात वर्षांत स्वस्त" हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आमच्या क्षेत्रात डेडलाईन पुढे जाणं काही नवीन नाही, पण ही डेडलाईन का गेली ते नीट बघावं म्हणून दोन वीकेंड त्यात घातले. जे हाताला लागलं ते इथे मांडतो.

आधी थोडं बारावीचं फिजिक्स. घाबरू नका, एकच सूत्र आहे. एखादी वस्तू सरळ वर १०० किलोमीटरपर्यंत फेकायची तर हवेचा विरोध सोडून सुरुवातीचा वेग किती लागेल? v² = २gh. उत्तर येतं सेकंदाला साधारण १.४ किलोमीटर. आणि पृथ्वीभोवती फिरत राहायचं असेल तर? सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर. म्हणजे वेग साडेपाच पट, पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून ती जवळजवळ तीस पट! 'अंतराळात जाऊन येणं' आणि 'अंतराळात राहणं' यात एवढा फरक आहे. पहिल्या प्रकाराला सबऑर्बिटल म्हणतात. दगड वर फेकला, तो खाली आला, इतकं साधं. त्या दगडात आपण बसलेलो असलो की वरच्या टोकाच्या आसपास तीन-चार मिनिटं वजन जाणवत नाही, आकाश काळं दिसतं, पृथ्वीची कड वाकलेली दिसते. बस्स. तिकीट त्याचं.

हे तंत्र नवीन अजिबात नाही. ५ मे १९६१ ला ॲलन शेपर्ड असाच १८७ किलोमीटर वर जाऊन पंधरा मिनिटांत समुद्रात उतरला. १९६३ मध्ये जो वॉकर या वैमानिकाने एक्स-१५ हे रॉकेट विमान दोनदा १०० किलोमीटरच्या वर नेलं. पण हा सगळा सरकारी मामला होता. खाजगी माणसाला तिथे पोचायला आणखी चाळीस वर्षं लागली, आणि ती वाट उघडली एका बक्षिसाने.

१९९६ मध्ये पीटर डायमंडिस यांनी एक्स प्राइझ जाहीर केलं. रक्कम एक कोटी डॉलर. अटी अशा, की सरकारी पैसा नको, तीन माणसांची सोय हवी, १०० किलोमीटर उंची गाठायची आणि दोन आठवड्यांच्या आत तेच यान पुन्हा उडवून दाखवायचं. डायमंडिस यांना ही कल्पना लिंडबर्गच्या पुस्तकावरून सुचली. रेमंड ऑर्टिग या हॉटेलवाल्याने १९१९ मध्ये न्यूयॉर्क-पॅरिस सलग उड्डाणासाठी २५ हजार डॉलर लावले होते आणि १९२७ मध्ये लिंडबर्गने ते जिंकले.

अशी बक्षिसं आपल्याकडेही होती बरं का. इंग्लंड ते भारत एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंड ठेवले होते. १९३० मध्ये जेआरडी टाटा कराचीहून निघाले होते आणि ॲस्पी इंजिनियर हा तरुण पोरगा उलट्या दिशेने येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. ॲस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादाचे प्लग त्याला देऊन टाकले, आणि बक्षीस ॲस्पीने जिंकलं! हेच ॲस्पी पुढे भारताचे हवाई दलप्रमुख झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, जेआरडींकडे पुन्हा यायचं आहे.

तर एक्स प्राइझ. ते जिंकलं बर्ट रुटान यांच्या स्पेसशिपवन या यानाने. पैसा मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलन यांचा, जागा कॅलिफोर्नियातलं मोहावे वाळवंट. एक मोठं विमान या यानाला पोटाखाली धरून साधारण १५ किलोमीटर वर नेई आणि सोडून देई. मग रबर आणि नायट्रस ऑक्साइडवर चालणारं रॉकेट पेटे. खाली येताना यानाची शेपटी वर दुमडायची, म्हणजे ते बॅडमिंटनच्या फुलासारखं आपोआप सरळ आणि सावकाश पडे. मला विचाराल तर अख्ख्या डिझाइनमधली सगळ्यात देखणी गोष्ट हीच. २१ जून २००४ ला ६३ वर्षांच्या माइक मेलविल यांनी ते १०० किलोमीटरच्या जेमतेम सव्वाशे मीटर वर नेलं. वर पोचल्यावर त्यांनी खिशातल्या चॉकलेटच्या गोळ्या केबिनमध्ये सोडल्या आणि त्या तरंगताना बघत बसले. २९ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबरच्या उड्डाणांनी बक्षीस खिशात आलं. ४ ऑक्टोबर म्हणजे १९५७ मध्ये स्पुटनिक उडालं तीच तारीख.

त्याच सप्टेंबरमध्ये रिचर्ड ब्रॅन्सन यांनी व्हर्जिन गॅलॅक्टिक जाहीर केली. तिकीट दोन लाख डॉलर, तेव्हाचे साधारण ९० लाख रुपये. पहिलं उड्डाण २००७ च्या सुमारास. वाटलं, झालं, सुटलं कोडं!

पण प्रोटोटाइप चालणं आणि प्रॉडक्ट चालणं यात किती अंतर असतं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. तीन माणसांच्या यानाचं आठ माणसांचं यान करायचं म्हणजे नुसता आकडा बदलायचा नसतो. २६ जुलै २००७ ला मोहावेमध्ये नायट्रस ऑक्साइडची चाचणी चालू असताना स्फोट झाला. रॉकेट पेटवलेलंसुद्धा नव्हतं. जमिनीवर काम करणारे तिघे गेले.

मग ३१ ऑक्टोबर २०१४. नव्या यानाचं चाचणी उड्डाण. शेपटी दुमडण्याआधी तिचं कुलूप काढावं लागतं, आणि ते ध्वनीच्या वेगाच्या १.४ पट वेग आल्यावरच काढायचं असा नियम होता. सहवैमानिक मायकेल ऑल्सबरी यांनी ते ०.८ पटीलाच काढलं. त्या वेगाला शेपटीवर हवेचा एवढा जोर होता की ती आपणहून वर गेली आणि काही सेकंदांत यान फुटलं. ऑल्सबरी गेले. मुख्य वैमानिक पीटर सीबोल्ड बाहेर फेकले गेले, पॅराशूट उघडलं आणि ते वाचले.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीचा निष्कर्ष दिला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. "वैमानिक चुकला" एवढ्यावर ते थांबले नाहीत. एका माणसाच्या एका चुकीने यान नष्ट होऊ शकतं हे डिझाइन करणाऱ्यांनी विचारातच घेतलं नव्हतं, असं त्यांनी म्हटलं. प्रशिक्षित वैमानिक असं करणारच नाही, हे गृहीत धरलं होतं. मी प्रॉडक्शन डेटाबेसवर चुकीची कमांड मारलेली आहे. रात्रीचे अडीच वाजले होते, मी प्रशिक्षित होतो आणि मला नियम पाठ होता. माझं नुकसान एका बॅकअपवर निभावलं. वाळवंटावर १५ किलोमीटर उंचीवर बॅकअप नसतो, म्हणून कुलूपच असं हवं की चुकीच्या वेळी निघूच नये.

जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिनने दुसरा रस्ता घेतला. न्यू शेपर्डमध्ये वैमानिकच नाही, सगळं सॉफ्टवेअर. १२ सप्टेंबर २०२२ ला त्याच्या एका मानवरहित उड्डाणात इंजिनाचा नॉझल निकामी झाला. यंत्रणेने ते ओळखलं, कॅप्सूल आपोआप रॉकेटपासून दूर खेचली गेली आणि पॅराशूटने सुखरूप उतरली. बिघाड दोन्हीकडे झालेच. फरक इतकाच की एकीकडे बिघाड होणार हे आधीच गृहीत धरलं होतं.

शेवटी २०२१ च्या जुलैमध्ये दोघेही मालक नऊ दिवसांच्या अंतराने वर जाऊन आले. ११ तारखेला ब्रॅन्सन, त्यांच्यासोबत आंध्रात जन्मलेली शिरीषा बांदला. २० तारखेला बेझोस. पण किंमत? दोन लाखांचं तिकीट २०१३ मध्ये अडीच लाख झालं, २०२१ मध्ये साडेचार लाख, पुढे सहा लाख डॉलर. मोबाइल, टीव्ही, विमान प्रवास, सगळ्याच्या किमती काळाबरोबर उतरल्या, ही मात्र चढत गेली. असं का?

इथे जेआरडी पुन्हा येतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून जुहूला विमान आणलं तेव्हा त्यात प्रवासी नव्हते. टपाल होतं! अमेरिकेतही सुरुवातीच्या विमान कंपन्या टपालाच्या कंत्राटावर जगल्या. हौशी श्रीमंत आले नसते तरी पत्रं रोज येणारच होती. रोज उड्डाण म्हणून विमानं जास्त, विमानं जास्त म्हणून अनुभव जास्त, म्हणून सुरक्षितता, म्हणून स्वस्ताई. लिंडबर्गच्या बक्षिसानंतर विमानसेवा वाढली कारण न्यूयॉर्कहून पॅरिसला जायची गरज लोकांना होतीच. स्पेसशिपवन मोहावेहून निघून मोहावेलाच उतरलं. त्याच्याकडे टपाल नव्हतं.

मग हेच यान मुंबईहून लंडनला न्या की, अर्ध्या तासात! पुन्हा फिजिक्स. तेवढा पल्ला गाठायला सेकंदाला साडेसहा किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, म्हणजे जवळजवळ कक्षेत जाण्याइतकाच. दगड वर फेकणाऱ्या यंत्राचं हे काम नाही, ते वेगळंच यंत्र झालं.

त्यामुळे माझा अंदाज असा, की हा धंदा छोटा आणि महागच राहील. जून २०२३ ते जून २०२४ या वर्षभरात व्हर्जिनने सात व्यावसायिक उड्डाणं केली आणि ते एकुलतं एक यान निवृत्त करून नव्या यानांच्या बांधणीकडे मोर्चा वळवला. सात उड्डाणांवर किंमत उतरत नसते. आणि अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यानुसार प्रवासी स्वतःच्या जोखमीवर सही करून जातो, त्याच्या सुरक्षिततेचे नियम सरकारने अजून करायचे नाहीत. ही सवलत मुळात आठ वर्षांची होती, वाढवत वाढवत ती १ जानेवारी २०२८ पर्यंत आणली आहे. श्रीमंत प्रवासी सही करतो, ठीक. पण २००७ मध्ये गेले ते तिघे प्रवासी नव्हते, कामावर आलेले होते. या सहलीची आजवरची किंमत जिवाने मोजली ती काम करणाऱ्यांनी, तिकीटवाल्यांनी नाही. हे मला डाचतं.

मग हे सगळं फालतू म्हणून सोडून द्यावं? तेही जमत नाही. बेझोस यांच्यासोबत ८२ वर्षांच्या वॉली फंक होत्या. १९६१ मध्ये त्यांनी अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या पार केल्या होत्या, पण बाई म्हणून दार बंद होतं. मे २०२४ मध्ये गोपी थोटाकुरा हे पहिले भारतीय अंतराळ पर्यटक ठरले, तेव्हा शेजारी ९० वर्षांचे एड ड्वाइट होते. साठच्या दशकात अंतराळवीर व्हायचं प्रशिक्षण घेऊन वगळले गेलेले कृष्णवर्णीय वैमानिक. आणि जॉन गुडविन. १९७२ चे ऑलिंपिकपटू. तिकीट काढलं २००५ मध्ये, २०१४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं, उडाले ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी. अठरा वर्षांचं वेटिंग!

पॅन ॲमच्या त्या ९३ हजारांपैकी कुणाचं तिकीट चंद्रापर्यंत पोचलं नाही. गुडविन यांचं निदान चार मिनिटांपुरतं तरी कन्फर्म झालं. मी तेवढे पैसे देईन का? माझ्याकडे नाहीत, तेव्हा उत्तर सोपं आहे. असते तर आधी एकच विचारलं असतं: ते कुलूप चुकीच्या वेळी कुणी काढलं तर काय होतं?

असो. उद्या सोमवार. रिलीज आहे, आणि बॅकअप घेतलाय.