निलंगेकर, शिवाजीराव पाटील

निलंगेकर, शिवाजीराव पाटील : (९ फेब्रुवारी १९३१ – ५ ऑगस्ट २०२०). महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, निलंगा (जि. लातूर) येथील काँग्रेसचे आमदार आणि शिक्षण व सहकार क्षेत्रांतील संस्थाचालक. जून १९८५ ते मार्च १९८६ असे सुमारे नऊ महिने ते मुख्यमंत्री होते. मुलीच्या वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात त्यांना पद सोडावे लागले. त्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जनहित याचिकांच्या चर्चेत आजही उद्धृत होतो. मराठवाड्याने राज्याला आजवर चार मुख्यमंत्री दिले आणि ते चौघेही नांदेड व लातूर या शेजारच्या जिल्ह्यांतले : नांदेडचे शंकरराव व अशोक चव्हाण हे पिता-पुत्र, लातूर जिल्ह्यातील निलंगेकर आणि विलासराव देशमुख.

निलंगा हा मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातला, बीदरच्या सीमेला लागून असलेला तालुका. नीलकंठेश्वराचे प्राचीन मंदिर ही गावाची जुनी ओळख. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९५६ नंतर निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे. लातूर जिल्हा वेगळा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये. निलंगेकर १९६२ मध्ये येथून पहिल्यांदा विधानसभेवर निवडून गेले आणि पुढची जवळपास पाच दशके तालुक्याचे राजकारण त्यांच्या घराभोवती फिरत राहिले.

संस्थात्मक कार्य : संस्थानी राजवटीत शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या होत्या आणि माध्यम उर्दू. त्यामुळे मराठवाड्यातील पहिल्या पिढीच्या पुढाऱ्यांनी आमदारकीच्या जोडीला शाळा-महाविद्यालये काढणे हा जणू रिवाजच होता. कंधारला केशवराव धोंडगे यांनी शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभारली, तर निलंग्यात निलंगेकरांची महाराष्ट्र शिक्षण समिती उभी राहिली. महाराष्ट्र महाविद्यालय आणि महाराष्ट्र औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय ही तिची ठळक रूपे. सीमेवरच्या खेड्यांतील मुलामुलींना पदवीसाठी लातूर किंवा हैदराबाद गाठण्याची गरज त्यामुळे कमी झाली. सहकारात अंबुलगा येथील साखर कारखान्याला त्यांचे नाव आहे. उसाच्या पट्ट्यात कारखाना म्हणजे राजकीय बळाचा खांब असतो. मात्र हा कारखाना पुढे बराच काळ बंद राहिला.

न्यायाचे अंतर : निलंगेकरांची पिढी विधानसभेत वावरत होती, त्या काळात मराठवाड्याची एक मोठी मागणी न्यायालयाची होती. १९५६ पूर्वी या भागाची अपिले हैदराबादच्या उच्च न्यायालयात चालत. राज्य पुनर्रचनेनंतर ती मुंबईला जाऊ लागली. विदर्भाला नागपूरचे खंडपीठ होते, मराठवाड्याला काही नव्हते. नांदेड-निलंग्याच्या पक्षकाराला जमिनीच्या वादासाठी रात्रभराचा प्रवास, मुंबईतला मुक्काम आणि तिथल्या वकिलाची फी असा तिहेरी खर्च पडे. विधिमंडळाने १९७८ मध्ये औरंगाबादच्या खंडपीठाला पाठिंबा दिला आणि २७ ऑगस्ट १९८१ रोजी खंडपीठ सुरू झाले. त्यालाही आव्हान मिळाले. अखेर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.

मुख्यमंत्रिपद आणि राजीनामा : १९८५ मध्ये प्रभा राव यांच्याकडे प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद गेल्याने नाराज झालेल्या वसंतदादा पाटील यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. त्या जागी दिल्लीने निलंगेकरांना आणले. पश्चिम महाराष्ट्रातील साखरसम्राटांच्या राजकारणात हा तडजोडीचा चेहरा होता आणि त्याच्यामागे स्वतःचा असा मोठा गट नव्हता.

ऑक्टोबर १९८५ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एम.डी. परीक्षा झाली. तिला मुख्यमंत्र्यांची मुलगी बसली होती. गुणपत्रिकेत फेरफार करून तिला उत्तीर्ण केल्याची तक्रार घेऊन, त्याच परीक्षेत नापास झालेला एक डॉक्टर मुंबई उच्च न्यायालयात गेला. एकल न्यायमूर्तींनी गुण बदलल्याचे मान्य केले आणि ते मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून झाल्याचा निष्कर्ष काढला. मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले नांदेडचे शंकरराव चव्हाण. सत्ता लातूरहून नांदेडला, म्हणजे मराठवाड्यातच राहिली.

अपिलात द्विसदस्य पीठाने फेरफार झाल्याचे कायम ठेवले. निलंगेकरांचा थेट हात मात्र सिद्ध झाला नाही असे म्हटले. तरीही परिस्थितीतून संशय उभा राहतो, हा शेरा निकालात राहिला. तो काढून टाकावा म्हणून निलंगेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तो काढण्यास नकार दिला. तो दोषसिद्धीचा निष्कर्ष नसून केवळ टिप्पणी आहे, असे स्पष्ट करताना सार्वजनिक जीवनातील घसरत्या नीतिमत्तेकडे न्यायालयाला डोळेझाक करता येणार नाही, असेही निकालात नोंदवले गेले.

कायद्याच्या दृष्टीने या निकालातला दुसरा मुद्दा अधिक टिकाऊ ठरला. याचिकाकर्ता स्वतः परीक्षार्थी असल्याने त्याचा स्वार्थ उघड होता. परंतु तो स्वतःच्या हितासाठी आला असला, तरी नामांकित विद्यापीठातील उच्च वैद्यकीय परीक्षेच्या परीक्षकांचे वर्तन हा जनहिताचा विषय आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. खासगी तक्रारीतून सार्वजनिक चौकशी होऊ शकते, यासाठी वकील आजही निलंगेकरांच्या नावाचा हा खटला पुढे करतात.

उत्तरकाल आणि कुटुंब : राजीनाम्यानंतर त्यांचे राजकारण संपले नाही. पुढे ते राज्याचे महसूलमंत्री झाले. त्या काळातील भूमिकेबद्दल मुंबईतील आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या घोटाळा प्रकरणातील चौकशी आयोगाने राजकीय पाठबळ दिल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला. तो अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला.

दरम्यान घरातच दोन पक्ष झाले. सून रूपाताई पाटील निलंगेकर यांनी २००४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षातर्फे लातूरमध्ये शिवराज पाटील चाकूरकर यांचा पराभव केला. चाकूरकर १९८० पासून सलग सात वेळा तेथून निवडून आले होते. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत नातू संभाजी पाटील निलंगेकर भाजपचे उमेदवार म्हणून आजोबांसमोर उभे राहिले आणि जिंकले. २००९ मध्ये आजोबांनी ती जागा परत घेतली; तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. २०१४ आणि २०१९ मध्ये काँग्रेसची उमेदवारी पुत्र अशोक पाटील निलंगेकर यांच्याकडे गेली आणि लढत काका-पुतण्याची झाली. दोन्ही वेळा पुतण्या विजयी झाला. या दोन निवडणुकांच्या दरम्यान संभाजी पाटील देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्रिमंडळात होते.

जुलै २०२० मध्ये निलंगेकरांना कोरोनाची लागण झाली. त्यातून ते बरे झाले. परंतु ५ ऑगस्ट रोजी पुण्यातील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार निलंग्यात झाले.