गल्ला, अंबार आणि हमाल

वऱ्हाडचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कापसावर भरपूर लिहिले आहे. इमादशाहीवर लिहिले, अचलपूरच्या नवाबांवर लिहिले, १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या मुलखावर आणि १९०२ च्या कायम भाडेपट्ट्यावरही लिहिले. पण जो गल्ला खाऊन हा मुलूख जगला, तो साठवणारी पेवे, अंबारे आणि गोदामे यांच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमीच गेले. आणि त्या गोदामात पाठीवरून धान्य आत नेणारा व बाहेर आणणारा माणूस तर इतिहासाच्या पानावर क्वचितच भेटतो. हा माणूस म्हणजे हमाल. आमच्या समाजातली कितीतरी कुटुंबे या कामावर जगली, आजही जगत आहेत. म्हणून त्याचा इतिहास आम्ही नाही शोधायचा, तर कोणी शोधायचा?

हा विचार वलगावात बसून करावा, याला कारण आहे. वलगाव हे अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पेढी नदीच्या काठचे गाव. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर असताना याच पेढीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. गावात शिरताच आधी रस्ता झाडायचा आणि मग भाकर घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता होता. भुकेल्याला अन्न द्या, हे त्यांच्या सांगण्यातले पहिले कलम. अन्न आणि श्रम यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, हे त्यांनी पोथीतून नव्हे, खराट्यातून शिकवले. अन्नदानाची वाहवा सगळेच करतात. अन्न वाहून आणणाऱ्याचा विचार मात्र मागे राहतो.

आधी शब्दांकडे पाहू. धान्याच्या बाजारात मराठी माणूस रोज जे शब्द वापरतो, त्यांतले कितीतरी अरबी-फारसीतून आले आहेत. ‘हमाल’ हा अरबी शब्द. हमल म्हणजे ओझे, ते वाहणारा तो हमाल. टोळीच्या पुढे असतो तो ‘मुकादम’. घेणाऱ्या-देणाऱ्याला वाट दाखवतो तो ‘दलाल’. ‘मजूर’, ‘अंबार’ हे फारसी शब्द. पन्हाळ्यावरच्या धान्यकोठाराला आपण आजही अंबरखाना म्हणतो. ‘गल्ला’ या शब्दाची गंमत अशी, की मुळात त्याचा अर्थ पीक, धान्य. पुढे दुकानदार ज्या पेटीत पैसे टाकतो तिलाच गल्ला म्हणू लागले. धान्याचे नाव पैशाला गेले! धान्य मोजताना मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. उत्तरेकडे त्याच जागी ‘बरकत’ म्हणतात. शब्द वेगळा, भावना एकच. भाषेने या कामात हिंदू-मुसलमान असा भेद केला नाही. तिने हमालाला नाव दिले. प्रतिष्ठा देणे भाषेच्या हाती नव्हते.

आता पेवाकडे वळू. गोदामे येण्यापूर्वी वऱ्हाडातली ज्वारी जमिनीखाली पेवात राहत असे. कोरडी, उंचवट्याची जागा पाहून खड्डा खणायचा, आतून कडबा आणि भूस लावायचे, ज्वारी ओतायची आणि वरून मातीने तोंड बंद करायचे. अशी ज्वारी वर्षानुवर्षे टिके. पण पेव उघडणे हे जिवावरचे काम असे. आत कोंडलेल्या हवेत उतरलेला माणूस गुदमरून मरत असे. म्हणून आधी पेव वाऱ्याला उघडे ठेवायचे, दिवा खाली सोडायचा. दिवा तेवला तर माणूस उतरायचा. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्या पेवात सर्वांत आधी पाय टाकणारा कोण, हे विचारत नाही. पेव मालकाचे, ज्वारी मालकाची, उतरणारा मजूर.

पेवातला गल्ला मुलखाबाहेर नेण्याचे काम शतकानुशतके बंजाऱ्यांच्या तांड्यांनी केले. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांना रसद पोचली ती त्यांच्या बैलांच्या पाठीवरून. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे बडनेऱ्यावरून थेट नागपूरला पोचली आणि तांड्यांचा धंदा बुडाला. त्याआधी १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, त्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेते कापसाकडे वळली. बैलाच्या पाठीवरचे ओझे रेल्वेच्या डब्यात गेले खरे. पण गाडीपासून डब्यापर्यंत आणि डब्यापासून वखारीपर्यंत ते माणसाच्या पाठीवरच राहिले. स्टेशनाचा हमाल आणि वखारीचा हमाल वऱ्हाडात बहुसंख्येने उभा राहिला तो या काळात.

कापूस आला, पैसा आला, आणि पाठोपाठ १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले. दुसऱ्याला लोक ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणतात. लक्ष्मण सत्या यांनी १९९७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वऱ्हाडातला कापूस आणि वऱ्हाडातला दुष्काळ यांचा संबंध सविस्तर मांडला आहे. ज्या रेल्वेने धान्य येऊ शकत होते, त्याच रेल्वेने ते चढ्या भावाच्या बाजाराकडे जाऊही शकत होते. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी भरलेले गोदाम आणि रिकामे गोदाम सारखेच. आणि दुष्काळात बाजार बसला की सर्वांत आधी काम जाते ते रोज कमावून रोज खाणाऱ्याचे. काल ज्याने पोते वाहिले तोच आज मूठभर धान्यासाठी रांगेत उभा, हे दृश्य गोदामाच्या इतिहासात पुन्हापुन्हा येते.

बाजाराला कायद्याची वेसण घालण्यात वऱ्हाड देशात पुढे होते, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि पुढे इतर प्रांतांनी तो नमुना म्हणून घेतला. मापे ठरली, अडते-दलालांना परवाने आले, बाजार समिती आली. त्या समितीत व्यापाऱ्यांचा आवाज मोठा होता, शेतकऱ्याचा नव्हता. मग हमालाची गोष्टच सोडा. हमालाला बाजार समितीत जागा मिळाली ती फार पुढे, महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार कायदा आल्यावर. आज समितीच्या निवडणुकीत हमाल-तोलारी मतदारसंघाची एक जागा असते. ती एक जागा मिळायला किती काळ गेला, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

सरकार स्वतः धान्याचे कोठीवाले झाले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ च्या डिसेंबरात केंद्रात अन्न खाते निघाले; १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९५४ या काळात अन्नमंत्री असलेल्या रफी अहमद किडवाई यांनी धान्यावरची नियंत्रणे उठवण्याचे धाडस केले. साठेबाजांच्या कोठारातला माल बाहेर आला आणि भाव उतरले. १९५६ मध्ये वखार महामंडळांचा कायदा झाला, तेव्हा केंद्रात कृषिमंत्री होते अमरावतीचेच डॉ. पंजाबराव देशमुख. १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो आणि सुकडी खाऊन महाराष्ट्र जगला, ती आठवण घराघरांत आहे. तो मिलो बंदरापासून खेड्यापर्यंत कोणाच्या पाठीवरून आला, ही आठवण मात्र घरात राहिली नाही.

गोदामातले काम कसे असते? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पोते उचलायचे आणि ठेवायचे. प्रत्यक्षात भराई, उतराई, तोलाई, थप्पी लावणे, थप्पी पलटणे अशी त्याची अनेक अंगे आहेत. थप्पी चुकली तर ती कोसळते आणि खाली माणूस सापडतो. गोण्यांच्याच पायऱ्या करत, पाठीवर ओझे घेऊन छपराकडे चढायचे असते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचे गोदाम भट्टीसारखे तापते. गव्हाचा कोंडा आणि तांदळाची धूळ नाकातोंडात जाते, अंगाला खाज सुटते. किडीसाठी धान्यावर ताडपत्री टाकून जो विषारी वायू देतात, त्याच्या आसपास काम करावे लागते. मानेवर घट्टा पडतो, गुडघे आणि कंबर वयाच्या आधी जातात.

ओझ्याचा हिशेब करू. पूर्वी पोते १०० किलोच्या घरातले असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये माणसाने वाहायच्या ओझ्यावर ठराव केला आणि पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा शिफारशीत घातली. आज रेशनच्या धान्याचा कट्टा ५० किलोचा आहे. १० टनांच्या ट्रकमध्ये असे २०० कट्टे. आठ जणांची टोळी असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ कट्टे, म्हणजे साडेबारा क्विंटल. दिवसात चार ट्रक झाले तर एका माणसाने पाच टन धान्य पाठीवरून नेले. ट्रक आणि थप्पी यांत ३० पावलांचे अंतर धरले, तरी ही ओझ्याखालची ३,००० पावले. रेल्वेची पूर्ण मालगाडी आली तर सुमारे २,६०० टन, म्हणजे ५० हजारांहून अधिक कट्टे उतरवायचे आणि तेही रेल्वेने दिलेल्या तासांत. मग रात्र आणि दिवस सारखाच. मजुरी कट्ट्यावर किंवा क्विंटलवर. ट्रक आला नाही तर त्या दिवशी चूलही नाही.

या परिस्थितीला उत्तर म्हणून हमाल स्वतः उभे राहिले. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभारली. तिने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. साऱ्या शहराचे अन्न वाहणाऱ्यांना परवडेल असे जेवण मिळावे, यासाठी त्यांनाच स्वयंपाकघर काढावे लागले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याचे मर्म साधे आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून कोणताच मालक जबाबदारी घेत नाही. कायद्याने मध्ये मंडळ आणले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी पाहायचे. पण नोंदणी झाली तरच हे मिळते. ठेकेदाराच्या हाताखालचा, नाव नसलेला हमाल अजूनही त्याच्या बाहेर राहतो. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आले तेव्हा माथाडी संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला, तो याच भीतीने, की आहे ते छप्परही जाईल.

आमच्या समाजाविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. बागवान, पिंजारी, मोमीन, अत्तार, मणियार यांच्या धंद्यावरून त्यांच्या जमाती ओळखल्या गेल्या. त्या नावावर संघटना झाल्या, सवलतींचे लढे झाले. हमालाची आमच्या भागात अशी जमात बनली नाही. तो शेखांत आहे, पठाणांत आहे, तसाच तो बौद्ध आहे, भोई आहे, कुणबी आहे. टोळीत तो खांद्याला खांदा लावून असतो. टोळी सुटली की ज्याच्या त्याच्या मोहल्ल्यात विरून जातो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान कामगार नियमित नोकरीत कमी आणि असंघटित क्षेत्रात जास्त असल्याचे दाखवले. त्या आकड्यामागचा एक चेहरा हा आहे.

आम्ही वाझमध्ये हजरत उमर (र.) यांची हकीकत ऐकतो. मदिनेत त्यांनी ‘दारुद्दकीक’ म्हणजे पिठाचे कोठार ठेवले होते. उपाशी मुलांसाठी रात्री त्या कोठारातून पिठाचे पोते काढून त्यांनी ते स्वतःच्या पाठीवर घेतले. सेवकाला घेऊ दिले नाही. ऐकताना डोळे भरून येतात. ‘सहीह बुखारी’त अबू मसऊद अन्सारी (र.) सांगतात, की सदका देण्याचा हुकूम झाला तेव्हा सहाबा बाजारात जाऊन ओझी वाहत आणि मिळालेल्या मजुरीतून दान करत. ज्या कामाला एवढा मान होता, त्या कामाचे नाव आम्ही लग्नाच्या बोलणीत दडवतो. ‘हमाल’ हा शब्द मुलांना रागे भरताना वापरतो. हा दोष बाजाराचा नाही, आमचा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत सारे घरात असताना गोदामे उघडी होती. एप्रिल ते नोव्हेंबर २०२० आणि पुन्हा मे २०२१ ते डिसेंबर २०२२ या काळात रेशनच्या धान्याखेरीज माणशी ५ किलो जादा धान्य मोफत देण्यात आले. सरकारी कागदावर ती एक योजना होती. गोदामात तिचा अर्थ कट्टे जवळपास दुप्पट असा झाला, आणि पाठी तेवढ्याच होत्या.

काही कामे आम्हाला आजच करता येतील. वलगाव, अमरावती, अकोला, कारंजा येथील जुने हमाल अजून बोलते आहेत. त्यांचे दर, त्यांच्या टोळ्यांचे नियम, त्यांचे शब्द लिहून घ्यावेत. बाजार समित्यांच्या दप्तरांतली हमालांच्या परवान्यांची बुके वाळवीच्या तोंडी जाण्याआधी पाहावीत. आणि जुम्याच्या नमाजानंतर जमणाऱ्या जमातीत एवढे तरी विचारावे, की आपल्यापैकी कोण कोण गोदामात काम करतो, आणि त्यांतल्या किती जणांचे नाव मंडळाच्या नोंदवहीत आहे.